लहरींची बदलती वाट आणि शिकणारे यंत्र

फोनवर बोलत आपण अंगणातून जिन्यात आलो की आवाज अडखळतो. भिंती, चालती वाहने, आपली स्वतःची हालचाल, यांमुळे लहरींची वाट क्षणोक्षणी बदलत असते. ४जी पद्धतीत फोन ही स्थिती ० ते १५ यांपैकी एका अंकाने मनोऱ्याला कळवतो. त्यावरून एका संकेतात २ बिट भरावेत, ४ की ६, हे मनोरा ठरवतो. अधिक भरले तर संदेश बिघडतो, कमी भरले तर वेग वाया जातो. म्हणून पहिल्या खेपेस सुमारे १० टक्के गठ्ठे चुकतील, असेच लक्ष्य बहुधा ठेवतात. एकही न चुकणे हा अतिसावधपणा ठरतो!

मात्र धावत्या गाडीतून निघालेला अंक वापरला जाईपर्यंत शिळा होतो. येथे यंत्रशिक्षण उपयोगी पडते. कोणत्या गठ्ठ्याची पोच आली, कोणत्याची नाही, या मागील नोंदींवरून यंत्र पुढील क्षणाचा अंदाज बांधते.

तरीही आम्हांस एक काळजी वाटते. शहरातील नोंदींवर शिकलेले यंत्र डोंगरकपारीच्या वस्तीत फसू शकते. तेथील लहरींची वाट निराळी, आणि शिकण्यासाठी तेथल्या नोंदी मुळातच थोड्या.