लहान पिलांचे अन्न व त्यांचे पचन

यरुशलेमेविषयी विलाप करताना प्रभूने पंखांखाली पिले गोळा करणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. त्या दाखल्याचा अर्थ व्यासपीठावरून पुष्कळदा सांगितला जातो. आज आम्ही खुद्द कोंबडीच्या पिलांकडेच वळतो. कारण परसातील चार कोंबड्यांवर मुलांची वह्यापुस्तके व म्हाताऱ्यांचे औषधपाणी चालते, अशी घरे आमच्या मंडळ्यांत थोडी नाहीत.

कोंबडी स्वतः अंडी उबवते तेव्हा धन्यास फारसे काही करावे लागत नाही. ती माती उकरते, किडा चोचीने फोडून पुढे टाकते, आणि पिले गारठली की त्यांस पोटाखाली घेते. परंतु आता पुष्कळ पिले आईविना घरी येतात. छत्रपती संभाजीनगरास शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. शिवाय टोपल्यांत पिले घालून गावोगाव विकणारेही फिरतात. स्टेशनाजवळच्या आमच्या उस्मानपुऱ्यात आता अंगणे थोडी उरली, तरी जेथे अंगण आहे तेथे आणि भोवतालच्या खेड्यांत तर सर्रास अशी पिले घेतली जातात. दहा आणावीत व आठ दिवसांनी तीन उरावीत, असे होते. मग कोणाची दृष्ट लागली, असे म्हणतात. ख्रिस्ती घरात हे बोलणे शोभत नाही, आणि ते खरेही नाही. दोष बहुधा ताटलीत असतो, नाहीतर गारठ्यात.

अंडे २१ दिवसांत फुटते. त्याच्या थोडे आधी उरलेला पिवळा बलक पिलाच्या पोटात ओढला जातो, व ही शिदोरी त्यास दोन-तीन दिवस पुरते. म्हणूनच पिले पेटीत घालून दूर पाठविता येतात. ह्यावरून पूर्वीचे लोक पिलांस दोन दिवस उपाशी ठेवावे असे सांगत. आता असे कळून आले आहे की, दाणापाणी लवकर मिळाले तर आतडी लवकर वाढतात व तो बलकही नीट जिरतो. तेव्हा पिले घरी येताच प्रथम कोमट पाणी द्यावे. प्रवासाने थकलेल्यांस पहिल्या दिवशी त्यात थोडा गूळ विरघळवून द्यावा. भांडे उथळ असावे, व पिलू बुडू नये म्हणून त्यात खडे टाकावे. एकेकाची चोच पाण्यात हळूच बुडविली म्हणजे ते पिण्यास शिकते. मग लगेच दाणा द्यावा.

पक्ष्यास दात नाहीत. गिळलेले अन्न प्रथम गळ्याच्या तळाशी असलेल्या थैलीत भिजते, पुढे जठरात त्यावर आंबट रस सुटतो, आणि नंतर ते एका जाड मांसल पिशवीत दळले जाते. खाटीक कलेजीबरोबर जी घट्ट गाठ देतो, तीच ही पिशवी. मोठी कोंबडी खडे गिळते ते ह्याच जात्यासाठी. पिलाचे जाते अजून दुबळे असते. त्यास अख्खी ज्वारी किंवा मका कसा दळावा? प्रेषित पौलाने करिंथकरांस जड अन्न न देता दूध पाजले, ते ह्याच न्यायाने. मात्र पिलांस खरोखरीचे दूध पाजू नये. दुधातील साखर पक्ष्यास पचत नाही व हगवण लागते.

तर द्यावे काय? बाजारात पिलांचे म्हणून जे तयार खाद्य मिळते ते उत्तम. त्यात शेकडा २० च्या आसपास प्रथिने असतात. ज्वारी, बाजरी व तांदळाची कणी ह्यांत ती त्याच्या निम्मीच असतात, म्हणून केवळ कण्यांवर वाढविलेले पिलू खुरटे राहते. घरी करावयाचे असल्यास बारीक भरडा दोन भाग व शेंगदाण्याची ताजी पेंड एक भाग घ्यावी, आणि बारीक चिरलेली मेथी किंवा शेवग्याचा पाला घालावा. ओले शेण व काडीकचरा भरलेले मडके रात्री वारुळावर उपडे ठेवले, तर सकाळी त्यात वाळवी भरते. तिच्यासारखा फुकटचा खाऊ नाही. दाणा भरड्याहून जाड होऊ लागला की बारीक वाळूही ठेवावी. पहिल्या आठवड्यात एका पिलास दिवसाला सुमारे १० ग्रॅम पुरते. ते थोडे थोडे करून अनेकदा द्यावे.

आमच्या मराठवाड्यात सोयाबीन व सरकी घरोघर, म्हणून विशेष बजावतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडविणारे द्रव्य असते. ते नीट भाजल्यावाचून देऊ नये. सरकीची पेंड म्हशीस चालते, पिलांस बाधते. पावसात काळी पडलेली ज्वारी किंवा बुरसलेली पेंड "कोंबड्यांस चालेल" म्हणून बाजूला काढतात, हे तर सर्वांत वाईट. १९६० साली इंग्लंडात बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने टर्की पक्ष्यांची लाखभर पिले मेली, व त्या विषाचा शोध तेव्हाच लागला. ते विष धुऊन किंवा शिजवून जात नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्यही पिलांपुढे नसावे. त्यातील चुन्याने त्यांची मूत्रपिंडे बिघडतात. खारट शिळेपाकेही नको.

अन्न चांगले असूनही गारठलेल्या पिलास ते पचत नाही. पहिल्या आठवड्यात पिलांच्या अंगाजवळ सुमारे ३५ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्यास ती दोन-तीन अंशांनी उतरवावी. जुन्या तऱ्हेचा तारेचा दिवा टोपलीवर टांगला तर काम होते. एलईडीचा उजेड पडतो, पण ऊब मिळत नाही. पिले दिव्याखाली एकमेकांवर चढली तर त्यांस थंडी वाजते आहे, दूर पळून चोच वासून बसली तर उकडते आहे. रात्री निजण्यापूर्वी गळ्याखालील थैली बोटांनी चाचपावी: भरलेली व मऊ असावी. रिकामी असेल तर त्या पिलास दाणा सापडलेला नाही. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाट बुजली असेल, तर कोमट पाण्याने भिजवून हलके काढावी, ओढू नये.

तिसऱ्या आठवड्यापासून पुढे विष्ठेत रक्त दिसले, तर तो ओल्या जमिनीत वाढणाऱ्या जंतूंचा आतड्याचा रोग समजावा. खालचा भुसा त्याच दिवशी बदलावा, व आजारी पिलू टोपलीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. मानमोडीची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. तिची एक कुपी पुष्कळ पिलांस पुरत असल्याने उपदेशक बंधूंनी वाडीतील सर्व घरांची पिले एकाच दिवशी एकत्र आणवावीत.