रुग्णनोंदींची संगणक प्रणाली : प्रस्ताव मागविताना आणि पारखताना

ग्रामीण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी केसपेपरच्या खिडकीपुढे रांग लागते. मागच्या खेपेचा कागद घरी राहिला असेल तर नवा केसपेपर निघतो, आणि जुन्या कागदावर तांबड्या शाईने लिहिलेली ‘पेनिसिलिन देऊ नये’ ही सूचना नव्या डॉक्टरांच्या दृष्टीस पडत नाही. रुग्णांच्या नोंदी संगणकावर ठेवण्यामागील खरा हेतू हा धोका टाळणे हाच होय. कागद वाचविणे ही त्यातील दुय्यम बाब.

अशी प्रणाली घेण्याचा विषय समितीपुढे येतो तेव्हा बहुतेक सदस्य ‘हे संगणकाचे काम आहे’ असे समजून तुलनात्मक तक्त्यावर सही करतात. वस्तुतः अशा खरेदीचे यशापयश तक्ता तयार होण्याच्या कितीतरी आधी, प्रस्ताव मागविणारा दस्तऐवज लिहिला जातो तेव्हाच, बव्हंशी ठरून गेलेले असते. कार्यालयीन भाषेत या दस्तऐवजास ‘आरएफपी’ म्हणतात.

निविदा काढण्यापूर्वी एक प्रश्न विचारावयास हवा : खरेदीची गरज आहे काय? राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची ‘ई-हॉस्पिटल’ आणि सी-डॅकची ‘ई-सुश्रुत’ या शासकीय संस्थांनी विकसित केलेल्या प्रणाली उपलब्ध आहेत. त्या पुरेशा असतील तर निविदेचा खटाटोप टळेल. त्या का पुरत नाहीत, हे लेखी मांडता आले, तर रुग्णालयाची नेमकी गरजही त्यातूनच स्पष्ट होते.

गरज लिहून काढणे हा या कामातील सर्वांत कष्टाचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित भाग आहे. पुष्कळदा एखाद्या कंपनीच्या माहितीपत्रकातील गुणवैशिष्ट्यांची यादी जशीच्या तशी दस्तऐवजात उतरविली जाते. परिणामी त्या कंपनीखेरीज कोणीही पात्र ठरत नाही, आणि रुग्णालयाला न लागणाऱ्या गोष्टींचे मूल्य मात्र मोजावे लागते. त्याऐवजी नोंदणी लिपिक, परिचारिका, औषधनिर्माता आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्याजवळ एकेक दिवस बसून रुग्णाचा प्रवास टिपावा. रोज किती केसपेपर निघतात, रक्ततपासणीचा अहवाल वॉर्डात कसा पोहोचतो, वीज गेल्यास नोंद कोठे होते, नावे मराठीत लिहावी लागतात काय, आशा कार्यकर्तीने आणलेली गर्भवती माता मागील तपासणीचे हिमोग्लोबिन कशावरून सांगते, या प्रश्नांची उत्तरे हाच मागणीचा गाभा होय.

इंग्लंडमध्ये याच बाबतीत झालेली चूक फार महाग पडली. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवेने 2002 मध्ये देशव्यापी संगणकीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला आणि 2003-04 मध्ये मोजक्या मोठ्या कंपन्यांशी प्रदेशवार करार केले. करार झपाट्याने झाले. पण ज्यांना ही प्रणाली रोज वापरावयाची होती त्या डॉक्टरांचा व परिचारिकांचा विचार पुरेसा घेतला गेला नव्हता. 2006 मध्ये एक मोठा कंत्राटदार कार्यक्रमातून बाहेर पडला, 2008 मध्ये दुसऱ्याचा करार संपुष्टात आला, आणि सप्टेंबर 2011 मध्ये तेथील शासनाने हा कार्यक्रम मोडीत काढण्याचा निर्णय जाहीर केला. तोवर अब्जावधी पौंड खर्ची पडले होते.

गरजेनंतर येतात मानके. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके 2013 मध्ये प्रसिद्ध केली व 2016 मध्ये ती सुधारली. सप्टेंबर 2021 मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यात नागरिकास 14 अंकी ‘आभा’ क्रमांक मिळतो आणि त्याच्या संमतीने एका रुग्णालयातील नोंद दुसऱ्या रुग्णालयास पाहता येते. ‘प्रणाली मिशनशी सुसंगत असावी’ एवढे एक वाक्य दस्तऐवजात लिहून भागत नाही. आभा क्रमांक तयार करणे व पडताळणे, रुग्णालयातील नोंदी त्याला जोडणे आणि अन्यत्रच्या नोंदी संमतीने मागविणे हे जोडणीचे तीन निरनिराळे टप्पे आहेत. त्यांपैकी कोणते पूर्ण झाले, याचा पुरावा प्रस्तावासोबतच मागावा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाचे भान ठेवून कोणती नोंद कोणी पाहावी व ती कोणी पाहिली याचा माग कसा राहील, हेही विचारावे.

प्रस्ताव आल्यावर तांत्रिक लिफाफा आधी उघडला जातो. कंपनीने स्वतः बसविलेले प्रात्यक्षिक सुरेखच असते. त्यावर गुण देणे म्हणजे मुलीला न पाहता छायाचित्रावरून सोयरीक ठरविण्यासारखे आहे. सर्व कंपन्यांना तीच पाच-सहा कामे द्यावीत : हरवलेल्या केसपेपरच्या रुग्णाचा शोध, एकाच नावाच्या दोन रुग्णांतील भेद, वर्ज्य औषध लिहिले असता मिळणारा इशारा, इंटरनेट बंद असतानाची नोंद. संगणकासमोर कंपनीचा माणूस न बसविता रुग्णालयाची परिचारिका बसवावी आणि लागलेला वेळ लिहून ठेवावा. गुणांचे निकष दस्तऐवजात आधीच छापलेले असावेत. लिफाफे उघडल्यावर ते बदलणे तक्रारीला निमंत्रण देते. प्रणाली दोन वर्षे चाललेल्या रुग्णालयास समितीने प्रत्यक्ष भेट द्यावी, आणि तेथील अधिष्ठाता वा अधीक्षकांपेक्षा रात्रपाळीच्या परिचारिकेशी अधिक वेळ बोलावे.

किमतीच्या बाबतीत फसगत सर्वाधिक होते. केंद्र शासनाने ऑक्टोबर 2021 मध्ये काढलेल्या सूचनांनुसार सल्लासेवेखेरीज अन्य सेवांच्या खरेदीतही काही अटींवर गुणवत्ता व किंमत यांचा एकत्रित विचार करता येतो; मात्र गुणवत्तेचा भार 30 टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही. राज्यातील कार्यालयांनी अर्थातच राज्याचे खरेदी नियम पाहावेत. येथे कल्पित आकड्यांवर एक उदाहरण घेऊ. पहिल्या कंपनीस तांत्रिक 90 गुण असून तिची किंमत 60 लाख रुपये आहे. दुसरीस 75 गुण असून किंमत 50 लाख आहे. सर्वांत कमी किमतीला 100 गुण दिल्यास पहिलीस किमतीचे 83.33 गुण मिळतात. भार 30 व 70 धरला तर पहिलीची बेरीज 85.33 आणि दुसरीची 92.50 होते. दुसरी जिंकली.

परंतु पाच वर्षांची देखभाल या किमतीत धरलेलीच नव्हती. पहिली वर्षाला 2 लाख आकारते, दुसरी 6 लाख. पाच वर्षांचा एकूण खर्च पहिलीचा 70 लाख, तर दुसरीचा 80 लाख होतो. आता पहिलीस किमतीचे 100 गुण मिळतात, दुसरीस 87.50, आणि बेरीज अनुक्रमे 97 व 83.75 येते. निकाल उलटला, तो केवळ दरपत्रकातील एका रकान्यामुळे. देखभालीबरोबरच जुन्या नोंदी भरणे, प्रशिक्षण व नवीन बदलांचे दर हेही रकाने दरपत्रकात असले पाहिजेत. गुणवत्तेचा भार मुळातच थोडा असल्याने तांत्रिक पात्रतेची किमान मर्यादा चांगली उंच ठेवणे, हाच निकृष्ट प्रस्ताव रोखण्याचा उपाय उरतो.

उरते ती करार संपतानाची अट, आणि बहुतेक दस्तऐवजांत तीच नसते. नोंदी रुग्णालयाच्या मालकीच्या राहतील, मुदत संपताच त्या सर्व, दुसऱ्या प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात, जादा मोबदला न घेता परत केल्या जातील, आणि दुसरी व्यवस्था होईपर्यंत सेवा खंडित होणार नाही, असे स्पष्ट लिहावे. देयकाचा अखेरचा हप्ता या हस्तांतरणाशी बांधावा. नोंदींची एक प्रत मुख्य यंत्रणेपासून अलग ठेवण्याची आणि ठराविक काळाने तीवरून प्रणाली पुन्हा उभी करून दाखविण्याची अटही सोबत हवी. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातील त्या अग्रगण्य रुग्णालयालाही कित्येक दिवस नोंदणी आणि तपासणी अहवालांचे काम हाताने, कागदावर करावे लागले होते.