नांगर धरणाऱ्या मुलासाठी

(सोळाव्या शतकात युरोपात धर्मसुधारणेची चळवळ सुरू झाली. तिच्यातून ख्रिस्ती धर्मातील प्रोटेस्टंट पंथ उदयास आला. या चळवळीतील एका इंग्रज सुधारकाची ही हकीकत आहे.)

सुमारे पाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील चर्चमध्ये प्रार्थना लॅटिन भाषेत होत असे. बायबलही लॅटिनमध्येच वाचले जाई. शेतकरी, विणकर, सुतार यांना ती भाषा येत नव्हती. ते श्रद्धेने ऐकत, पण अर्थ कळत नसे. बिशपच्या परवानगीवाचून बायबलचे इंग्रजीत भाषांतर करण्यास बंदी होती.

विल्यम टिंडेलचा जन्म सुमारे १४९४ साली झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठात तो शिकला. त्याला अनेक भाषा येत होत्या. एकदा एका विद्वानाशी त्याचा वाद झाला. तेव्हा, शेतात नांगर धरणाऱ्या मुलालाही धर्मग्रंथ तुमच्यापेक्षा अधिक कळेल असे मी करीन, अशा अर्थाचे उद्गार त्याने काढले असे सांगतात.

१५२३ मध्ये तो लंडनच्या बिशपकडे मदत मागायला गेला. नकार मिळाला. पुढच्या वर्षी त्याने देश सोडला, तो कायमचा. जर्मनीत कोलोन शहरी छपाई सुरू झाली. पण विरोधकांना सुगावा लागला. छापलेले कागद घेऊन टिंडेल निसटला. १५२६ मध्ये वर्म्स शहरात त्याचा 'नवा करार' छापून पूर्ण झाला. मूळ ग्रीकमधून इंग्रजीत छापलेला तो पहिलाच होता.

कापडाच्या गठ्ठ्यांत लपवून ही पुस्तके इंग्लंडला जाऊ लागली. बिशपने त्यांची होळी केली. जाळण्यासाठी त्याने एका व्यापाऱ्याकडून प्रती विकतही घेतल्या. ते पैसे टिंडेललाच मिळाले आणि त्यांतून नवी छपाई झाली, असे त्या काळच्या एका इतिहासकाराने लिहून ठेवले आहे!

टिंडेल मग हिब्रू भाषेतील जुन्या कराराकडे वळला. १५३० मध्ये त्याचे पहिले पाच ग्रंथ इंग्रजीत छापले गेले. १५३५ मध्ये मित्र म्हणून आलेल्या एका माणसाने दगा दिला आणि टिंडेल अँटवर्पमध्ये पकडला गेला. आजच्या बेल्जियममधील एका किल्ल्यात त्याला कैदेत ठेवले.

थंडीचे दिवस आले. टिंडेलने अधिकाऱ्याला पत्र लिहिले. त्यात त्याने गरम टोपी, गरम कोट आणि संध्याकाळी एक दिवा मागितला. पण सर्वांत अधिक विनवणी त्याने हिब्रू बायबल, व्याकरण आणि शब्दकोश यांसाठी केली होती. मरण समोर दिसत असतानाही त्याला अभ्यास हवा होता! १५३६ मध्ये त्याला गळा आवळून ठार केले व त्याचे शरीर जाळले.

इंग्लंडमध्ये मात्र वारे बदलले. प्रत्येक चर्चमध्ये इंग्रजी बायबल ठेवावे, असा हुकूम १५३८ मध्ये निघाला. त्यासाठी १५३९ मध्ये जो मोठा ग्रंथ छापला गेला, त्यात टिंडेलचे भाषांतर भरपूर होते. त्यावर त्याचे नाव नव्हते. पण तो वाचला जाताना नांगर धरणाऱ्या मुलाला शब्द कळत होते. कारण ते त्याच्या घरात बोलले जाणारे शब्द होते.

शब्दार्थ
भाषांतर – तर्जुमा. बिशप – ख्रिस्ती धर्मातील वरिष्ठ धर्मगुरू. सुगावा लागणे – गुप्त गोष्टीचा पत्ता लागणे. दगा देणे – विश्वासघात करणे. वारे बदलणे – परिस्थिती पालटणे.

स्वाध्याय
१. टिंडेलने देश का सोडला?
२. पुस्तके इंग्लंडला कशी पोहोचली?
३. कैदेतील पत्रावरून टिंडेलचा कोणता गुण दिसतो?
४. 'सुगावा लागणे' व 'दगा देणे' यांचा वाक्यांत उपयोग करा.
५. आपल्या मातृभाषेत वाचल्याने काय लाभ होतो? पाच वाक्ये लिहा.