वाचनाची नोंद

वरसईचे भिक्षुक विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि पुढील वर्षी झाशीच्या वेढ्यात सापडले. शहर पडल्यानंतरची लूट त्यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात वर्णिली आहे; राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा नाशही तीत येतो. त्यांचे हस्तलिखित चिंतामण विनायक वैद्य यांनी बरेच फेरफार करून १९०७ साली छापले, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रकाशात आणली. या ग्रंथात बदल केव्हा झाला हे आपणांस अशा रीतीने सांगता येते. परंतु झाशीच्या संग्रहातील एखादी पोथी नष्ट होण्यापूर्वी शेवटची केव्हा सोडली गेली, हे कोणास सांगता येईल? वाचनाने पोथीवर खूण उमटत नाही.

संगणकाची गोष्ट निराळी आहे. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत उभारलेल्या युनिक्स या कार्यप्रणालीत प्रत्येक फाइलीसाठी ‘आयनोड’ नावाचे एक छोटे टिपण असते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील या टिपणात तीन वेळा आढळतात: फाइल शेवटची वाचली केव्हा, तिचा मजकूर बदलला केव्हा, आणि मालकी, परवानगी यांसह टिपणातच बदल झाला केव्हा. ही तिसरी वेळ फाइलीच्या जन्माची, असा समज पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे.

यांतील पहिली वेळ खर्चिक ठरते. ग्रंथपालाने प्रत्येक वाचकामागे नोंदवही उघडावी, तसे प्रत्येक वाचनानंतर हे टिपण चकतीवर पुन्हा लिहावे लागते. मजकूर स्मृतीत तयार असला, चकतीकडे जाण्याचे कारण नसले, तरी नोंदीचे लेखन उरतेच. हजारो फाइली वाचणाऱ्या यंत्रावर हा भार लहान नसतो. वाचण्याच्या क्रियेने लिहिण्याचे काम निर्माण व्हावे, हा व्यवहार मुळातच विचित्र म्हटला पाहिजे.

मग नोंद बंदच का करू नये? लिनक्समध्ये तशी सोय आहे, आणि विंडोजने व्हिस्टा आवृत्तीपासून ती नोंद मूळ मांडणीतच बंद ठेवली होती. अडचण अशी की काही कार्यक्रम या नोंदीवर विसंबतात. टपाल दाखवणारे जुने कार्यक्रम दोन वेळांची तुलना करीत: टपालाची फाइल बदलल्याची वेळ वाचनाच्या वेळेनंतरची असेल तर नवे पत्र आले आहे. नोंद बंद केली की हे अनुमान कोसळते.

लिनक्सने २००९ मध्ये, २.६.३० या आवृत्तीपासून, मधला मार्ग मूळ मांडणीत स्वीकारला. वाचनाची जुनी नोंद शेवटच्या बदलाच्या आधीची असेल, किंवा ती एका दिवसाहून जुनी झाली असेल, तरच नवी नोंद करावयाची. समजा, एक फाइल सोमवारी सकाळी दहाला बदलली आणि अकराला वाचली. अकराची नोंद होईल. बाराला पुन्हा वाचली, तर काही लिहिले जाणार नाही. दुपारी एकला तीत भर पडली आणि दोनला ती वाचली, तर नोंद होईल. नंतर ती कोणी उघडली नाही, तर मंगळवारी तीनचे वाचन पुन्हा नोंदले जाईल. टपालाचा प्रश्न यात सुटतो, कारण बदलानंतरचे पहिले वाचन चुकत नाही. बाराच्या वाचकाचा मात्र मागमूस राहत नाही. मला हा सौदा रास्त वाटतो.

तरीही ही नोंद साक्ष म्हणून पुढे करताना जपून राहावे लागते. रात्री सर्व फाइलींच्या प्रती काढणारा कार्यक्रम त्या वाचतोच. सकाळी पाहावे तर कोणी न उघडलेली फाइलही ‘वाचलेली’ दिसते. असे काही कार्यक्रम प्रत काढून झाल्यावर जुनी वाचनवेळ परत लिहून ठेवतात. पण ती परत लिहिणे म्हणजे टिपणात बदल करणे होय, त्यामुळे तिसरी वेळ पुढे सरकते आणि हात लागल्याची खूण तेथे राहते. म्हणूनच चौकशीसाठी आलेली चकती तज्ज्ञ प्रथम केवळ वाचता येईल, लिहिता येणार नाही, अशा रीतीने जोडून घेतात.