टिंबवाल्या फायली उडवू का?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर उबुंटू आहे. चुकून कंट्रोल आणि एच दाबलं, तर होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणाऱ्या कितीतरी फायली दिसल्या. मी त्या बनवलेल्या नाहीत. व्हायरस असेल का? उडवून टाकू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : निर्धास्त राहा. नावाआधी टिंब असलेली फाइल लिनक्स यादीत दाखवत नाही, एवढंच. युनिक्सवर काम केलेले प्रोग्रॅमर रॉब पाइक यांच्या सांगण्यानुसार ही सोय तिथे अपघातानेच झाली. फायलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेतून फोल्डरांच्या खुणा असलेली एक आणि दोन टिंबं गाळायची होती. प्रोग्रॅमरने फक्त पहिलं अक्षर तपासलं आणि टिंबवाली सगळीच नावं गायब झाली!

त्या फायलींत तुमच्याच आवडीनिवडी असतात. त्या प्रत्येकाच्या होममध्ये वेगळ्या राहतात, म्हणून घरातल्या दुसऱ्या खात्याने रंग बदलले तरी तुमचे बदलत नाहीत.

पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम थेट होममध्येच पसारा मांडायचा. 2003 पासूनच्या ‘एक्सडीजी’ संकेतानुसार सेटिंग ‘.कॉन्फिग’मध्ये, डेटा ‘.लोकल/शेअर’मध्ये आणि तात्पुरता माल ‘.कॅश’मध्ये जातो. सगळेच तो पाळत नाहीत, टर्मिनलच्या सेटिंगची ‘.बॅशआरसी’ आजही होममध्येच ठाण मांडून आहे.

जागा हवी असेल तर प्रोग्रॅम बंद करून ‘.कॅश’ रिकामं करा. बाकीच्यांना हात नको. एखादा प्रोग्रॅम बिघडलाच, तर त्याच्या फोल्डरचं फक्त नाव बदला. बहुतेक प्रोग्रॅम नवा कोरा फोल्डर बनवतात आणि जुना हाताशी राहतो. बॅकअप घेताना लपलेल्या फायलीही घ्या. ‘.एसएसएच’ फोल्डरमध्ये मात्र दुसऱ्या संगणकांवर लॉगिन करायच्या खासगी किल्ल्या असू शकतात. तो फोल्डर कुणालाही पाठवू नका.