न ओसरणारे दुःख आणि दूरस्थ उपचार

२०२५ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सुरतेस मावशीकडे गेलो होतो. काका मूळचे इचलकरंजीचे. यंत्रमागाच्या धंद्यानिमित्त ते सुरतेस गेले आणि उधना भागात त्यांनी संसार उभा केला. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, ते वारले. मावशीला त्यांचे अंत्यदर्शनही घडले नाही.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून घरखर्चाची वही माझ्याकडे आली. घरात माणसे तीन, फोन तीन. पण दरमहा रिचार्ज मात्र चार. चौथा काकांचा! चार वर्षे मावशी तो चालू ठेवीत होती. काकांच्या बँकेतील ठेवीस नॉमिनी म्हणून तिचेच नाव असूनही ती अर्जावर सही करीत नव्हती. "सही केली की ते खरंच गेले असं होईल रे," एवढेच ती म्हणाली. त्या वाक्याने मला या विषयाकडे वळविले.

शोक आणि आजार

प्रथम हे स्पष्ट केले पाहिजे की शोक हा आजार नव्हे. माणूस गेल्यावर रडू येणे, अन्न गोड न लागणे, हे स्वाभाविकच आहे. बहुतेकांचे दुःख हळूहळू निवळते. परंतु काहींच्या बाबतीत काळ जणू थांबतो. मृताची तीव्र ओढ, मृत्यू खरा न वाटणे, त्याच्या आठवणीची ठिकाणे टाळणे आणि आयुष्य निरर्थक वाटणे ही लक्षणे टिकून राहतात व रोजचे व्यवहार अडतात. यालाच 'प्रदीर्घ शोकविकार' म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात त्यासाठी किमान ६ महिन्यांची मुदत आहे. मार्च २०२२ मधील अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या ग्रंथात प्रौढांसाठी ती १२ महिने आहे.

वर्षाची ही मुदत आपणांस अपरिचित नाही. दहावा, तेरावा आणि मग वर्षश्राद्ध, अशा पायऱ्यांनी आपल्या समाजाने दुःखाला वाट करून दिली होती. माणसे जमत, गेलेल्याविषयी बोलत. कोरोनाच्या काळात अनेक घरांत या पायऱ्याच नाहीशा झाल्या. मावशीच्या दारी दहाव्याला कोणी आले नव्हते.

उपचार कसा होतो?

अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कॅथरीन शिअर यांनी या विकारासाठी सुमारे १६ भेटींची उपचारपद्धती सिद्ध केली. तीत मृताला विसरावयास सांगत नाहीत. उलट, मृत्यूची बातमी कळली तो प्रसंग रुग्णाकडून पुन्हा पुन्हा सांगवून घेतात. टाळलेल्या ठिकाणी थोडेथोडे जावयास लावतात आणि त्याचबरोबर पुढील आयुष्याचे लहान लहान बेत करावयास शिकवितात.

हेच काम दुरूनही करता येते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॅग्नर, क्नेव्हेल्सरूड व मेर्कर या संशोधकांनी रुग्णांकडून पाच आठवडे, आठवड्यातून दोनदा, पाऊण तास लेखन करवून घेतले. उपचारक त्यास इंटरनेटवरून लेखी उत्तर देत. आपल्यासारखाच आघात झालेल्या मित्राला धीराचे पत्र लिहिणे, हाही त्यातील एक पाठ होता. दुसऱ्याला धीर देता देता माणूस स्वतःकडेही निराळ्या दृष्टीने पाहू लागतो, हे त्यामागील मर्म.

आपल्या देशात १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेली-मानस' ही सरकारी सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते व भाषा निवडता येते. मराठी, कन्नड आणि गुजराती या तिन्ही भाषा त्यांत आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवाही २०१२ पासून चालते. मात्र असा एखादा फोन म्हणजे संपूर्ण उपचार नव्हे, ती पहिली पायरी आहे. गरजेनुसार पुढे तज्ज्ञांकडे जावे लागते. आत्महत्येचे विचार येत असतील तर फोनवर न थांबता डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट त्वरित घेतली पाहिजे.

भाषा आणि दार

मावशी बाजारात गुजराती उत्तम बोलते. पण काकांविषयी बोलताना तिला मराठीच लागते. आम्हां सीमाभागातील विद्यार्थ्यांना हे समजावून सांगावयास नको. हिशेब कोणत्याही भाषेत होतो, रडणे मात्र आईच्याच भाषेत येते. माझ्या मते दूरस्थ उपचाराचा मोठा लाभ हाच. पहिल्या फोननंतर तिला मानसशास्त्रज्ञाकडे जाण्याचा सल्ला मिळाला. आता पुण्याच्या एक बाई दर आठवड्यास व्हिडिओवर तिच्याशी मराठीत बोलतात.

अडचण निघाली ती वेगळीच. एका खोलीच्या घरात एकांत कोठून आणावयाचा? शेवटी त्या तासाला मी मावसभावंडांना घेऊन खाली जाऊन बसत असे. उपचारात माझा वाटा काय तो तेवढाच. पण दार लावून दिल्यावाचून ती बोललीच नसती.

सुट्टी संपताना मावशीने बँकेच्या अर्जावर सही केली. चौथे रिचार्ज तिने अद्याप बंद केलेले नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. विद्यार्थी मित्रहो, आपल्या घरीही असे एखादे चौथे रिचार्ज असेल. त्यावरून कोणाला हसू नका, "आता पुरे" असे म्हणू नका. क्रमांक लिहून द्या आणि तासभर दाराबाहेर बसा.