अर्चिनचे काटे का गळतात?

प्रश्न : माझ्या २०० लिटरच्या रीफ टँकमध्ये दीड महिन्यापूर्वी टक्सिडो अर्चिन सोडला. त्याने शेवाळ चाटूनपुसून साफ केलं. पण चार दिवसांपासून काटे गळताहेत. कोणतं औषध घालू?

उत्तर : औषध मुळीच घालू नका. माशांच्या औषधांत बऱ्याचदा तांबं असतं आणि ते अर्चिनच्या जिवावर उठतं.

मला पहिली शंका उपासमारीची येते. शेवाळ संपलं, मग तो खातोय काय? मसाले न लावलेल्या नोरीचा छोटा तुकडा काट्यांवर अलगद ठेवा. काट्यांमधून दोऱ्यासारखे बारीक नलिकापाद बाहेर येतात, तुकडा धरतात आणि हळूहळू खाली तोंडाकडे सरकवतात. तोंडात पाच दात असतात. हे दृश्य एकदा काचेला नाक लावून पाहाच! तुकडा त्याने धरला, तर आशा आहे.

दुसरी शंका खारटपणाची. शरीरातल्या क्षारांचा तोल अर्चिनला फारसा सांभाळता येत नाही. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरताना मिठाचं नव्हे, साधं आरओचं पाणी घाला, तेही रोज थोडं थोडं. विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास स्थिर ठेवा. नायट्रेटही तपासा. कॅल्शियम ४०० पीपीएमच्या खाली जाऊ देऊ नका. अर्चिनचं कवच कॅल्शियमपासूनच बनलेलं असतं.

प्रवाळाचे सुटे तुकडे मात्र पक्के चिकटवा. टक्सिडो ते पाठीवर घेऊन फिरतो.